काठी धरायला माणूस पाहिजे

आमच्या वस्तीवर बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे ते हागण्यामुतण्याचं आहे, आणि शिकलेल्या माणसानं असलं लिहू नये म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी खुशाल लिहू नये. ज्यानं धुतलंय, त्याला लिहायचा हक्क आहे.

माझा बा मेंढपाळ. जाफराबादच्या बाजूला माळावर आमची वस्ती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. आई मी लहान असतानाच गेली. माझ्या वयाची पोरं काठ्या घेऊन कोकरं वळायची. मी काठीला हात घातला की बा हिसकावून घ्यायचा. म्हणायचा, "ठेव खाली. तुझं काम ते न्हाई." मला जाफराबादेत मामाकडं ठेवलं, शाळेत घातलं. निजामाचा अंमल होता, शिक्षण उर्दूत. सुट्टीत मेंढरांच्या तळावर गेलो की बा मला घोंगडीवर बसवायचा आणि चार माणसांदेखत पुस्तक मोठ्यानं वाचायला लावायचा. त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण मी अडखळलो तर त्याला बराबर कळायचं. काठी धरता न येणारा धनगर म्हणून पोरं माझी टिंगल करायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी काय ते समजून होतो.

निजाम गेला, मी औरंगाबादेस कॉलेज केलं, जालन्याला शाळेत मास्तर झालो, लग्न झालं. बायको मंठ्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. बा वस्तीवरच होता. मग निरोप यायला लागले: म्हातारा दुसऱ्याची मेंढरं हाकून आणतो. म्हातारा काल सकाळी गेला तो आज बांधावर बसलेला सापडला. म्हातारा बायकोला हाका मारतो. आमच्याकडं ह्याला म्हातारचळ म्हणायचे आणि म्हणून झालं की आपापल्या कामाला लागायचे. मी जाऊन त्याला घेऊन आलो. मेंढरं त्यानं आधीच चुलतभावात वाटून टाकली होती. येताना त्यानं दोन वस्तू बरोबर घेतल्या, काठी आणि घोंगडी. घोंगडी आल्याबरोबर पेटीवर पडली. काठी हातातून सुटेना. जेवताना मांडीवर, झोपताना उशाला.

आम्ही भाड्यानं राहात होतो ती जागा दोन खोल्यांची. पुढच्या भागात घरमालकीणबाई राहायच्या, मधे अंगण, अंगणात त्यांची तुळस, आणि मागच्या भिंतीला सगळ्यांचा मिळून एक टोपलीचा संडास.

बा अत्यंत स्वच्छ माणूस. माळावर पाण्याची मारामार, तरी तो परसाकडून आला की राखेनं हात घासून घासून धुवायचा आणि मगच चंचीला हात लावायचा. म्हणून त्या दुपारी मी शाळेतून आलो आणि जे पाहिलं, त्यानं मी उंबऱ्यातच थांबलो. बायको नाकाला पदर लावून भिंतीला टेकून बसलेली. बा चुलीपाशी उभा, हातात काठी, धोतर मागून ओलं आणि पिवळं, पायावर ओघळ. त्याच्या तोंडावर लाज नव्हती, काहीच नव्हतं. आपलं काय झालंय हेच त्याला माहीत नव्हतं. घाणीपेक्षा मला त्याचाच धक्का जास्त बसला.

"सकाळपासून धोतर बदलून बदलून थकले," बायको म्हणाली. "हे आता वाळत घालायला बी दोरी ऱ्हायली न्हाई."

घरमालकीणबाईंनी अंगणातूनच निदान केलं. "मास्तर, हगवण हाय ही. शहराचं पाणी बाधलं त्यायला. डाळिंबाची साल उकळून पाजा, पोट बांधलं जाईल."

आम्ही पाजली. भाकरी बंद केली, साबुदाण्याची पेज आणि ताकभात सुरू केला. आठवडा झाला, थोडं थोडं गळणं चालूच. धोतरं वाळतायत, भिजतायत. मग बानं जेवण टाकलं. घास पुढं केला की मान फिरवायचा. कण्हायचा, पण कुठं दुखतं ते सांगता यायचं नाही. दुखण्याचा शब्दच त्याच्याकडून गेला होता. एके सकाळी बायकोनं त्याचं धोतर बदलताना पोटाला हात लावला आणि मला ओरडून बोलावलं. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. बोट मारलं तर वाजेल असं.

टांग्यात घालून दवाखान्यात नेला. डॉक्टर हैदराबादला शिकलेले, वयानं माझ्याएवढेच. त्यांनी विचारलं, "किते दिन से जुलाब है बोलते?"

"आठ-दहा दिवस झाले."

"और दिया क्या?"

मी डाळिंबाच्या सालीपासून सगळं सांगितलं. चांगलं व्यवस्थित, क्रमानं सांगितलं, वर्गात सांगावं तसं. डॉक्टरांनी हातमोजा चढवला, बाला कुशीवर वळवलं, मागून बोट घालून तपासलं. बा "आये, आये" करून ओरडला. डॉक्टर उभे राहिले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्टरसाब, ये जुलाब नई. कब्ज है. सख्त कब्ज. अंदर पत्थर जम गया. पत्थर के बाजू से पानी रिस रहा, उसकू तुम लोगां जुलाब समझे. वो पहलेच बंद है, और तुम बंद करने की दवा देते बैठे."

माझा विश्वास बसेना. जो माणूस दिवसभर धोतर भरवतो त्याचं पोट बंद? बायको माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. उर्दू मला चांगली येते, तरी मी डॉक्टरांना पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मग साबणपाण्याचा एनिमा, आणि एनिम्यानं भागेना म्हणून हातानं काढणं. मी बाचे खांदे दाबून धरले होते. त्याच्यातून जे निघालं ते मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की ते खरंच दगडासारखं होतं, आणि एका माणसाच्या पोटात एवढं मावतं हे मला त्या दिवशी कळलं. सगळं झाल्यावर बा निपचित पडला. मला वाटलं गेला. पण तो झोपला होता, तोंड उघडं टाकून, किती दिवसांनी.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "इस बार निकल गया. फिर जमा तो आंत फटेगी, बुढ्ढा बचेगा नई. रोज होना. एक टाइम मुकर्रर करो, चाय के बाद. बिठाओ. उठने नक्को देव."

रोज झालं पाहिजे. सोपी गोष्ट वाटली. मी शाळेत पोरांच्या अख्ख्या वर्गाला बसवत होतो, एका म्हाताऱ्याला बसवायला काय लागतं?

बायकोनं सगळं बदललं. सकाळी उठल्या उठल्या गरम पाण्यात तूप. रात्री भिजवलेल्या मनुका. पपई. ज्वारीची भाकरी पुन्हा सुरू, तिच्यासंगं अंबाडीची भाजी. त्याला लंगोटाची गाठ सोडता येत नव्हती हे तिच्याच ध्यानात आलं. गाठीशी झटून झटून तो वैतागायचा आणि तसाच उठून यायचा. तिनं लंगोट काढून टाकला आणि जुनं लुगडं फाडून त्याला लुंगीसारखं गुंडाळायला सुरुवात केली.

पण बसायचं नाव नाही.

चहा झाला की मी त्याला हाताला धरून संडासापर्यंत न्यायचो. आत जागा एवढीशी, काठी आडवी यायची. म्हणून मी काठी काढून घेऊन बाहेर भिंतीला टेकवायचो. काठी भिंतीला टेकली की हा ताडकन उठला. "मेंढरं जातील, मेंढरं!" आणि बाहेर येऊन काठी उचलायची. काठी हातात राहू दिली तर बसायचंच नाही. दारात उभा, तोंड अंगणाकडं, पाठ संडासाकडं, डोळे लांब कुठंतरी. मी आधी गोडीनं सांगितलं, मग आवाज चढवला. "बा, मेंढरं न्हाईत इथं! जालना हाय हे! बस खाली!" त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू वेडा तो नसून मीच आहे.

एकदा बायकोनं काठी लपवून ठेवली. तो दिवस मी विसरत नाही. तो प्रत्येक खोलीत, अंगणात, घरमालकीणबाईंच्या देवघरापर्यंत काठी शोधत फिरला आणि शेवटी उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. बायकोनं काठी आणून दिली आणि ती पण रडली.

रोज सकाळी ती त्याच्या पोटावर तळहात ठेवून बघायची, मळलेली कणीक बघावी तशी. एक दिवस म्हणाली, "अवो, परत कडक लागून राह्यलं." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कालच्याहून जास्ती हाय." जेवण पुन्हा कमी झालं. लुगड्याच्या तुकड्याला पुन्हा तो पिवळा डाग दिसला. आता त्याचा अर्थ आम्हाला माहीत होता, आणि माहीत असल्यानं जास्त भीती वाटत होती. डॉक्टरांचा तो हातमोजा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. घरमालकीणबाई येता-जाता म्हणायच्या, "मास्तर, गावाकडं नेऊन सोडा त्यायला. माळावर मोकळं होतेत ते लोक. संडास काय धनगराचं काम हाय व्हय?" मी म्हणालो, "मीही धनगरच आहे, बाई. मला जमतं." त्या तुळशीला पाणी घालायला निघून गेल्या. पण पोट मोकळं झालं नाही.

थंडीचे दिवस होते. मी दोन दिवस शाळेत गेलो नाही म्हणून आमचे हेडमास्तर विचारपूस करायला घरी आले. म्हातारे गृहस्थ, खेड्यातलेच, धोतर, डोक्याला रुमाल, आणि गारठा म्हणून खांद्यावर काळी घोंगडी. मी गडबडीनं खुर्ची अंगणात आणली. बायको चहा ठेवायला आत गेली. घरमालकीणबाई आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या.

बा त्याच्या नेहमीच्या जागी उभा होता, काठीवर हनुवटी टेकून. त्यानं हेडमास्तरांना पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग सरळ चालत त्यांच्यापुढं आला आणि काठी त्यांच्या हातात दिली.

"आला न्हवं? बघ जरा," एवढंच म्हणाला.

हेडमास्तरांनी काठी घेतली. माणूस काही हातात देतो तर आपण घेतो, तशी. बानं पाठ फिरवली, चार पावलं भिंतीकडं गेला, लुगड्याचा तुकडा वर केला आणि तुळशीपासून हातभर अंतरावर, दिवसाढवळ्या, हेडमास्तरांच्या देखत, उकिडवा बसला.

घरमालकीणबाईंचं सूप खाली पडलं. "अगं बाई बाई बाई! माझी तुळस!" बायको चहाची कपबशी घेऊन दारातच थिजली. मी पुढं धावलो, पण हेडमास्तरांनी काठी माझ्या छातीसमोर आडवी धरली.

"थांबा मास्तर," ते हळूच म्हणाले. "सुरू झालेलं अडवू नये."

मी थांबलो. कानशिलं तापली होती. ज्या माणसाच्या पुढं मी शिकलेला माणूस म्हणून उभा राहायचो, त्याच्यासमोर माझा बाप बसला होता, आणि कुंथल्याचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू येत होता. असं वाटलं की भुईनं पोटात घ्यावं. आणि त्याच वेळी, देवाशपथ सांगतो, मी मनात म्हणत होतो, होऊ दे, होऊ दे, सगळं होऊ दे.

झालं. बा उठला, हात घासायला राख शोधली, बायकोनं पळत जाऊन दिली आणि पाणी ओतलं. हात धुऊन तो हेडमास्तरांपुढं आला. "आण," म्हणाला. हेडमास्तरांनी काठी परत दिली.

"सरळ हायेत न्हवं मेंढरं?"

"हायेत की," हेडमास्तर गंभीरपणे म्हणाले. "एक बी हाललं न्हाई."

बा समाधानानं आपल्या जागी गेला. हेडमास्तर खुर्चीत बसले, चहा मागून घेतला, आणि शाळेतल्या खडूच्या तुटवड्याबद्दल बोलू लागले. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

ते गेल्यावर मला सगळं आठवलं. तळावरची रीत. मेंढरांमागच्या माणसानं काठी खाली टाकायची नाही, टेकवून ठेवायची नाही. परसाकडला जायचं असेल तर काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची, आणि तो कळपाकडं तोंड करून उभा राहिला की मगच जायचं. काठी भुईला लागली म्हणजे मेंढरं वाऱ्यावर सोडली. बा मेंढरांच्या राखणीला उभा होता आणि त्याला कोणी सोडवायला येत नव्हतं. एवढे दिवस!

मी बायकोला समजावून सांगितलं, अगदी आनंदानं. ती म्हणाली, "मंग मी धरते की."

"तू नाही चालणार. बायांकडं कोकरं आणि घोडं. काठी गड्याच्या हातात."

"मंग तुमी धरा."

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी शाळेला जायच्या तयारीत, विजार, सदरा, कोट घालून त्याच्यासमोर उभा राहिलो आणि हात पुढं केला. "आण बा, काठी. मी बघतो."

त्यानं काठी पाठीमागं लपवली. "तुमी न्हाई."

"का?"

"सायेब लोकायचं काम न्हाई ते."

तो मला साहेब म्हणाला. माझा बा. मी त्याला म्हणालो, "बा, मी हाय. तुझा पोरगा." त्यानं मान हलवली, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी, पण काठी सोडली नाही. मी दुपारी पुन्हा हात पुढं करून पाहिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला. नाही म्हणजे नाही. बायकोचा तळहात पुन्हा त्याच्या पोटावरून फिरला, आणि तिचा चेहरा पाहूनच मला कळलं.

"हेडमास्तरला दिली अन तुमाला का देत न्हाईत?" ती म्हणाली आणि मग एकदम पेटीकडं बघितलं. "त्यायच्या खांद्यावर घोंगडी होती."

"मग?"

"मंग काय. हाय की पेटीवर. धोतर नेसा, मुंडासं बांधा."

मला राग आला. मी म्हणालो, "मी बी.ए. झालोय ते काय घोंगडी पांघरून संडासासमोर काठी घेऊन उभं राहायला? समोरून विद्यार्थी जातात."

ती म्हणाली, "बरं. मंग उद्यापासून डिग्रीनं साफ करा."

दुसऱ्या सकाळी मी बाचं धोतर नेसलो. मुंडासं मला बांधता येईना, ते तिनं बांधलं. घोंगडीचा तो वास, मेंढीचा, धुराचा, पावसाचा, मी किती वर्षांनी नाकात घेतला. अंगणात आलो आणि तोंडातून शब्द न काढता बापुढं उभा राहिलो. हात पुढं केला.

बानं मला पाहिलं, आणि त्याचं तोंड उजळलं. "आल्ता का! कवाची वाट बघून राह्यलो." त्यानं काठी माझ्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

तो आपण होऊन संडासाकडं चालायला लागला. मी मागोमाग गेलो, त्याला आत बसवलं, दार अर्धं लोटलं आणि पाठ करून, अंगणाकडं तोंड करून उभा राहिलो. घरमालकीणबाई ओट्यावरून बघत होत्या. बघू दे. आत बा बसला होता, आणि बोलत होता. त्याच्या गड्याशी बोलत होता.

"पोरगं जालन्याला मास्तर हाय माझं."

"व्हय का," मी म्हणालो.

"लई शिकलं. त्याला म्या काठी धरू दिली न्हाई कवा."

"का बरं?"

तो कुंथला. मग म्हणाला, "बाप हागायला बसलाय अन पोरगं राखण करून राह्यलं, अशी पाळी त्याच्यावर येऊ नाही म्हणून. तू त्याला सांगू नको मी हितं तुला उभं केलं ते."

काठी माझ्या हातात होती. मी ती घट्ट धरली. ही गोष्ट मी लहानपणापासून समजून होतो असं मला वाटत होतं. त्यानं मला शिकवलं, मोठा माणूस केलं, मी मेंढरांच्या मागून सुटलो. एवढंच मी समजलो होतो, आणि त्याचाच मी अभिमान बाळगला. नेमक्या ह्या जागेवरून मला सोडवायचं त्याच्या मनात होतं, हे मला कोणत्या पुस्तकात सापडणार होतं?

"न्हाई सांगत," मी म्हणालो. घोंगडी डोक्यावरून पुढं ओढून घेतली. त्याला माझं तोंड दिसू नये म्हणून.

आत आवाज झाला. पाणी ओतल्याचा आवाज झाला. बा बाहेर आला, राखेनं हात घासले, माझ्यापुढं उभा राहिला.

"मेंढरं?"

"सरळ हायेत."

"आण."

मी काठी दिली. बायकोनं पुढं होऊन त्याच्या पोटावर हात ठेवला, मग माझ्याकडं बघून मान हलवली. मऊ होतं.

मी आत जाऊन मुंडासं सोडलं, कोट घातला आणि शाळेत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर पुन्हा धोतर नेसलो. त्यानंतर बा होता तोवर रोज.